मागे गेलेला निरोप

पौर्णिमेच्या रात्री मी लोकांना डोंगरावर फिरवून आणतो. टॉर्च लावू देत नाही, चांदणं पुरतं. वाट अरुंद, म्हणून सगळे एकामागे एक. मी पुढे, मेहुणा सगळ्यात शेवटी. मी "दगड आहे" म्हटलं की प्रत्येकजण तेच मागच्याला सांगतो आणि शेवटी मेहुणा ओरडतो, "पोचलं!"

बायको गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. पाय आपले चालतात.

काल कड्याच्या वळणावर मी म्हणालो, "डावीकडे दरी आहे." निरोप एकेका तोंडून मागे गेला. "पोचलं" काही आलं नाही.

खिशातला फोन वाजला. मेहुणा होता.

"भावोजी, आहात कुठे? एका बाईंचा पाय मुरगळलाय. आम्ही सगळे केव्हाचे खालीच बसलोय!"

घाबरायला हवं, एवढं कळत होतं. मागे निरोप अजून जातच होता. दरी आहे. दरी आहे.

मग तो थांबला. आणि तिकडून दुसरा निरोप पुढे यायला लागला, तोंडोतोंडी, आणखी आणखी जवळ. शेवटी अगदी माझ्या कानामागे कुणीतरी हळूच म्हणालं,

"त्याला सांगा, फोन ठेव म्हणावं."