टोळीचा एकच नियम

"मी असा ढेकर देत हिंडायचो?" फर्निचरवाल्यानं कादंबरी टीपॉयवर आपटली. "क्रांतीवर भाषण ठोकताना ढेकर? अरे, एवढ्या वर्षांनी आठवण काढलीस, ती ही?"

लेखक गालातल्या गालात हसला. दुकानाच्या मागच्या खोलीत, प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यांवर त्याची जुनी टोळी बसली होती. कुणी हललं की प्लास्टिक चरचरायचं. हीच मंडळी एके काळी छापखान्याच्या गच्चीवरच्या खोलीत बसून जग पेटवायला निघाली होती. गांजा, गोळ्या, जे हाती लागेल ते. जग काही पेटलं नाही, गादी मात्र दोनदा पेटली. पुढे एकानं सासऱ्याचं फर्निचरचं दुकान धरलं, दुसरा विमे विकू लागला, तिसरी शाळेत मास्तरीण झाली. या सगळ्या भंपकपणाची लेखकानं कादंबरीत मनसोक्त टर उडवली होती आणि ती हातोहात खपत होती.

वाचकांबद्दल त्याला काडीचाही आदर उरला नव्हता. गादी पेटते त्या प्रसंगात एका समीक्षकाला अख्ख्या पिढीचा आक्रोश ऐकू आला होता. कॉलेजातली पोरं सही घेता घेता हळूच विचारायची, "सर, हा माल हल्ली कुठं मिळतो?" पुस्तकभर सगळ्यांची दैना झालेली, आणि या गाढवांना पत्ता हवा! मावशीनं तर पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत धाडलं. घरात लहान मुलं आहेत म्हणे.

आणि आता हे तिघं. विमेवाल्याला पुस्तकात टक्कल पडलं होतं, त्याचा त्याला राग. "खांद्यापर्यंत केस होते माझे तेव्हा!"

"ते सोड," मास्तरीण विमेवाल्याकडे बोट दाखवत लेखकाला म्हणाली. "पोलिसाच्या टोपीत ओकले मी, आणि ते तू याच्या नावावर टाकलंस?"

धन्य आहे, लेखकाला वाटलं. आयुष्याची माती झाली त्याचं काही नाही, ओकारीचं श्रेय पाहिजे. पण ही रड ऐकायला तो आलाच नव्हता. तो आला होता शिट्टीच्या धास्तीनं.

शिट्टी हा टोळीतला पाचवा. काविळीनं पार खंगलेला. डॉक्टरांनी बजावल्यावर, जगातले सगळे नियम धाब्यावर बसवणाऱ्या त्या टोळीनं एक नियम केला होता. शिट्टीला कुणी काही द्यायचं नाही. नियम केला त्याच रात्री शिट्टी लेखकाला एकटं गाठून त्याच्या पाया पडला. "तू माझा सख्खा भाऊ ना रे?" लेखक विरघळला आणि त्यानं झोपेची एक गोळी दिली. सकाळी शिट्टी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरच पोखरलेलं होतं, आणि विषय मिटला. लेखकाचा मात्र मिटला नाही. मित्राला आपण मारलं, हे तो इतकी वर्षं गिळून बसला होता. कादंबरीत त्यानं शिट्टीला टोळीचा डबा फोडून गोळ्या चोरायला लावल्या आणि खो खो हसत मरू दिलं. ते वाचून यांच्यापैकी कुणाला संशय आलाय का, एवढंच त्याला बघायचं होतं.

"चल, तुला नवी कपाटं दाखवतो," म्हणत फर्निचरवाला त्याला गोदामात घेऊन गेला. दोन कपाटांच्या मधे त्यानं लेखकाचा हात धरला. "शिट्टीला त्या रात्री गोळी मी दिली होती. तुला ठाऊक असणारच. तरी लिहिलं नाहीस. उपकार झाले बाबा."

लेखकाच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे मी नव्हे! मेल्या, तू होतास तर! आणि खुशाल ताठ मानेनं सोफे विकत बसलास! त्यानं मोठ्या मनानं मित्राची पाठ थोपटली. स्वतःच्या गोळीबद्दल तो अवाक्षरही बोलला नाही.

बेसिनपाशी विमेवाला उभा होता. हात धुऊन झाले तरी तो धूतच होता. "एकच दिली होती रे," तो पुटपुटला. "फार गयावया करत होता. म्हणाला, तुझ्याशिवाय मला कोण आहे? तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस."

म्हणजे तीन झाल्या, लेखकानं मनात मोजलं. या खेपेला पाठ थोपटायला हात उचलेना. मास्तरणीनं गाठायच्या आत इथून सटकावं, एवढंच त्याला सुचलं.

पण ती दुकानाच्या पायरीवर उभीच होती.

"तुझा शिट्टी हसत मरतो," ती म्हणाली. "लोक पोट धरून हसतात त्या पानावर. माझा मुलगासुद्धा हसला. पण खरा शिट्टी हसत नव्हता रे. रात्री माझ्या उशाशी येऊन बसला. म्हणाला, कसंतरी होतंय गं, कुणाला तरी बोलाव. मी त्याच्यावरच खेकसले. एकच तर दिलीय मी तुला, नाटकं करू नकोस, झोप जा."

आत दोघं ढेकरावरून पुन्हा हुज्जत घालत होते. लेखकाला स्वतःची किळस आली. सगळ्या जगाची टर उडवणारा हा शहाणा, आणि आता पायरीवरून पळायला वाट शोधत होता.

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "एवढा मोठा लेखक झालास. मला खरं सांग. एका गोळीनं माणूस मरतो का रे?"

"नाही गं," तो म्हणाला. "एका गोळीनं कुणी मरत नाही."