टोकावड्याची चौकशी

"दामिनीबाईंनी धाडलं ना तुमाला?" रंभाबाईंनी ओटीवर चटई टाकत विचारलं.

'नाही' हा शब्द वकील कमळाकरच्या अगदी ओठांवर आला होता. पण त्याने हो की नाही ते कळणार नाही अशी नुसतीच मान हलवली आणि चपला काढून तो बसला.

दामिनी म्हणजे रंभाबाईंच्या बाजूची वकील. कल्याणची, नवखी. कमळाकर विमा कंपनीचा. रंभाबाईंच्या मुलाला, प्रज्वलला, मोटारसायकलवरून जाताना टोकावड्याच्या रस्त्यावर टेंपोने उडवलं, अशी केस. आम्ही विमा उतरवलेला टेंपो तेव्हा शहापुरात होता, असं कंपनीचं म्हणणं. नंबर कुणी नीट पाहिला नव्हता, म्हणून ते टिकून होतं. पण टेंपोमालक कोर्टात कच खाईल, या धास्तीने कमळाकरला चैन नव्हतं. लागोपाठ दोन केस हरलेल्या. तिसरी गेली तर काम बंद, असं कंपनीच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून तो मुरबाडहून जीपने अपघाताची जागा पाहायला आला, आणि पाय या घराकडे वळले.

भिंतीवर प्रज्वलचा हार घातलेला फोटो होता. कमळाकरने पुन्हा त्या भिंतीकडे पाहिलंच नाही.

"खरं सांगू का?" रंभाबाई हळूच म्हणाल्या. "पोरगा माझा उलट्या बाजूनं घुसला. टेंपोवाल्याचा काय दोष? पण हे कोर्टात नाय बोलायचं, हां."

आई पोटच्या पोराचं विश्वासाने सांगतेय आणि आपण चोरासारखे ऐकतोय, याची त्याला लाज वाटली. पण लाजेने पोट भरत नाही.

तारखेला रंभाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. कमळाकर उलटतपासणीला उठला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात; घाबरलेल्या माणसाला ते सुचतं कुठे?

"तुमचा मुलगा उलट्या बाजूने घुसला, खरं ना?"

"नाय सायेब. आपल्याच बाजूनं चालला व्हता."

"खोटं बोलू नका! आमचा टेंपो सरळ येत होता, तोच येऊन आदळला!"

न्यायाधीशांनी मान वर केली. "वकीलसाहेब, म्हणजे टेंपो तिथे होता?"

कमळाकरला आपली चूक उमगली. 'यांनीच मला सांगितलं' म्हणावं, तर समोरच्या पक्षकाराला चोरून भेटल्याचं उघड होणार. दामिनीने एकदाही हरकत घेतली नव्हती. ती खाली बघून कागद लावत होती.

कोर्टाबाहेर त्याने रंभाबाईंना गाठलं. "मावशी, मी तुमच्या वकिलांचा माणूस नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुमी दारात आलात तवाच." रंभाबाईंनी पदर सारखा केला. "कुणाला धाडलं, कुणाला नाय, ते दामिनी मला सांगत नाय का? माझ्याच पोटची हाय ती."