गादीच्या खोळीची खुर्ची

“मॅडम, ही खुर्ची टाकून देणार असाल तर मी नेऊ का?”

विचारून झालं आणि मंजुश्रीला स्वतःचंच नवल वाटलं. मागे जिन्यात श्रद्धा आणि मृण्मयी तोंडावर ओढणी दाबून उभ्या होत्या. ‘हिंमत हाय का विचारायची?’ असं त्याच म्हणाल्या होत्या. दहावीचा शेवटचा पेपर कालच संपलेला. आज मंजूकडे हिंमतच हिंमत होती.

आर्किटेक्ट सौदामिनी मॅडमचं लातुरातलं ऑफिस दुसरीकडे हलत होतं. खुर्ची जिन्याखाली टाकलेली. वाकवलेल्या प्लायची पाठ, मागे रेलणारी बैठक, पाय ठेवायला वेगळं स्टूल. चामडं मात्र फाटून लोंबत होतं आणि आतल्या फोमचा भुगा झालेला.

“मोठ्या डिझायनरची आहे बरं,” मॅडम म्हणाल्या. “पण कव्हर बदलायचा खर्च ऐकूनच मी हात टेकले. तुला कशाला गं?”

“अप्पांसाठी. पाठ लई दुखते त्यांची.”

तिच्या वडिलांचं, मल्लिनाथअप्पांचं, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकान होतं. सकाळी गादीवर मांडी घातली की दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. डॉक्टरांनी खाली बसणं बंद करायला सांगितलं, तर अप्पांनी डॉक्टरकडे जाणंच बंद केलं. “गादी रिकामी दिसली की शेतकरी शेजारच्या दुकानात जातो,” हे त्यांचं उत्तर. शेवटी आईनेच ठरवलं, पाडव्यापासून उदगीरच्या पुतण्याला, मन्मथला, गादीवर बसवायचं. अप्पा ‘हाव, बोलवा’ म्हणाले आणि ताटावरून उठले.

“पाडव्यापर्यंत थांबा,” मंजू म्हणाली. “माझी खुर्ची होऊ द्या. मन्मथदादाला बोलवायची गरजच न्हाई पडणार.”

मग अंगणात धुमाकूळ सुरू झाला. पेचकसाने जुन्या पिना उपटल्या. चामडं नीट सोडवून जमिनीवर पसरलं, त्याच्याच मापाने नवं कापायचं म्हणून. रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून फोमचे तुकडे आणि पिना ठोकायची बंदूक मागून आणली. तुकडे चिकटवून जाड थर केला. राहिलं कापड.

“दुकानातल्या गादीची जुनी खोळ द्या ना, अप्पा.”

दर पाडव्याला गादीवर नवी पांढरी खोळ चढायची आणि जुनी घडी करून दुकानातल्याच कपाटात जायची. आजोबांच्या वेळेपासूनच्या खोळी तिथे होत्या. अप्पांनी मान हलवली. “ने. पण सांभाळून.”

खोळ निवडायला म्हणून मंजू दुकानात जाऊ लागली, ती दुपारपर्यंत यायचीच नाही. एकदा तिने पोत्यात हात घालून तुरीचा दाणा चावला.

“ओली हाय, अप्पा.”

अप्पांनी चावून पाहिला. तूर ओलीच होती. हमाल हसले.

“तू खुर्चीचं बघ,” अप्पा म्हणाले. त्यांनाही हसू आलं होतं.

पहिल्या खेपेला कापड उलटं लागलं. दुसऱ्या खेपेला श्रद्धा ऐटीत बसली आणि किंचाळून उठली, कारण एक पिन वरच राहिली होती. “डिझायनर खुर्ची हाय का काटेरी बाभळ?” मृण्मयी हसून हसून खाली बसली. तिसऱ्या खेपेला मात्र खोळ अशी ताणून बसली की कुठे सुरकुती नाही.

उरलेल्या फोमची आणि कापडाची मंजूने एक चौकोनी उशी शिवली.

“ही कुणाला?” आईने विचारलं.

“उरलं होतं म्हणून शिवली.”

“आणि हे धूड दुकानाच्या पायऱ्या चढवणार कसं?”

“बघू की, आई.”

पाडव्याला गुढी उभी राहिली. खुर्ची समोरच्या खोलीत खिडकीपाशी होती. अप्पा जपून बसले, मागे रेलले, पाय स्टुलावर टाकले. खुर्चीच्या हातावर हात ठेवायला गेले तर बोटांखाली शाईचा जुना डाग दिसला. या खोळीवर आजोबांची दौत सांडली होती, तो. अप्पा त्याच्यावरून बोट फिरवत राहिले. कपाळावरची आठी कधी गेली, त्यांनाही कळलं नाही.

“अगं, यात बसून सौदा करू का घोरू?” ते म्हणाले. आई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

“हमालांना बोलावतो,” अप्पा उठायला लागले. “मुहूर्ताच्या सौद्याआधी दुकानात नेऊ.”

“बसा तुम्ही.” मंजूने खुंटीवरच्या दुकानाच्या किल्ल्या काढल्या, चौकोनी उशी काखेत मारली आणि उंबऱ्यात वळून दोघांनाही सांगितलं, “खुर्ची घरीच राहणार. गादीवर आजपासून मी बसते.”