जपलेली पत्रं

गावच्या पोस्टाला शंभर वर्षं झाली, म्हणून पोस्टमास्तरीण झंखनाबेननं घरोघरी निरोप धाडला, "जपलेली जुनी पत्रं आणा, सगळ्यांना बघायला मांडून ठेवू." कच्छातलं गाव, निम्मे पुरुष कायम दर्यापार. मस्कत, झांझिबार, मोंबासाची पत्रं पेट्यांच्या तळातून बाहेर निघाली. लखमशीभाईंनी तर बायकोच्या पत्रांचं पुडकंच आणून टेबलावर आपटलं. "वाचू नका हं कुणी, सगळ्यांत मलाच शिव्या आहेत!"

म्हाताऱ्या पुरबाईमा मात्र रिकाम्या हातानं आल्या. एकेका पत्रापाशी थांबून अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. लग्नानंतर महिन्याभरातच त्यांचे धनी मस्कतला गेले होते, एवढं झंखनानं ऐकलं होतं. ती थट्टेनं म्हणाली, "मा, या वयात कसली लाज? तुमची पत्रं आणा की!"

"एकच आलं गं मला."

"मग तर ते सगळ्यांच्या मधोमध लावू! आहे कुठं?"



"ते त्यांच्या हातचं नव्हतं, पोरी. तसलं घरात ठेवायचं नसतं. उंबऱ्याबाहेरच वाचून घेतलं, तिथंच फाडलं, आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं."