चार वाजताचं जेवण

"सर, तुम्ही खोटं बोलताय," रत्नप्रभानं तोंडावर सुनावलं. "माझा नवरा पळून जाणारा नाही."

"अम्मा, मधुसूदन नोकरी सोडून गेले. सामान उचला आणि निघा," प्रयोगशाळेचे संचालक म्हणाले.

"निघते. आधी हे बघा."

मधुसूदनच्या टेबलावरच्या बशीतल्या पाण्यात चपटे कृमी होते. मधुसूदन रोज चारला बशीवर अंगठीनं टकटक करून त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक घालायचा. उजेडाला भिणारे ते जीव तेवढ्यासाठी बाहेर यायचे. वीस दिवसांपूर्वी, शेवटच्या दिवशी, त्यानं प्रयोगासाठी त्यांचे तुकडे केले. शेपटांना नवी डोकी फुटली ती तो गेल्यावर. त्या डोक्यांनी त्याची टकटक कधी ऐकलीच नव्हती.

चार वाजले. बशीला कुणी हात लावला नाही. तरी सगळी नवी डोकी भर उन्हात खोलीच्या मागच्या भिंतीच्या बाजूला गोळा झाली.

संचालकांनी बशी फिरवली. डोकी पुन्हा भिंतीकडेच वळली.

भिंतीपलीकडे आटलेली विहीर होती. चेन्नईत पाण्याची बोंब असताना तिच्यावर याच महिन्यात सिमेंट ओतलं होतं.

रत्नप्रभा दार अडवून उभी राहिली.

"तिथून यांना जेवायला कोण बोलावतंय? सांगा, सर."