बाईंचा कोबी

शाळेच्या मागच्या वाफ्यात तिसरीतल्या प्रत्येकाचं कोबीचं एकेक रोप होतं आणि कडेचं एक बाईंचं. पानांवर अळ्या पडल्या तेव्हा पोरं त्या चपलेनं चिरडायला धावली. बाईंनी अख्ख्या वर्गाला तिथेच उभं करून फैलावर घेतलं. "खबरदार! याच अळ्यांची उद्या फुलपाखरं होतात. ज्याला फुलपाखरं आवडतात, त्यानं चार पानांसाठी जीव टाकू नये!" पोरांनी मुकाट माना डोलावल्या.

आज मुख्याध्यापक वाफा बघायला येणार होते. त्याआधी एक नजर टाकावी म्हणून बाई मागे गेल्या आणि त्यांचा चेहराच पडला. पोरांचे कोबी कसे टरारून फुगले होते, पानाला भोक म्हणून नव्हतं. बाईंच्या कोबीची मात्र पार चाळण झाली होती आणि उरलेल्या देठांवर अळ्यांचं संमेलन भरलं होतं.

"माझ्याच कोबीनं काय घोडं मारलं होतं यांचं?" बाई कळवळून म्हणाल्या.

झारी घेऊन उभी असलेली, वर्गात सगळे जिला 'आजीबाई' म्हणत ती चिमुरडी पुढे आली.

"बाई, आम्ही एकसुद्धा अळी मारली नाही हं. रोज अलगद उचलून तुमच्या कोबीवर आणून सोडतो."

"अगं, पण माझ्याच का?"

आजीबाईनं बाईंकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

"तुम्हाला फुलपाखरं आवडतात ना, बाई? आम्हाला आपला कोबीच हवा होता."