ट्युडर शाळेची सुनावणी

शरेल ब्रिग्जने तिसऱ्यांदा घसा साफ केला. सभागृह गच्च भरलं होतं आणि आता तिचंच नाव पुकारायचं होतं.

"पाणी पी, पोरी," शेजारच्या म्हाताऱ्याने बाटली पुढे केली. रविवारी चर्चला घालतात तसा कडक इस्त्रीचा जुना सूट, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. तासभर दोघं शेजारी बसली होती, पण नाव कुणी कुणाचं विचारलं नव्हतं.

मेम्फिसच्या दक्षिण भागातली अर्लीन ट्युडर शाळा चालू ठेवायची की बंद करायची, एवढाच आजचा प्रश्न. चार्टर शाळा ती. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा. मुलं शिकली नाहीत तर परवाना जाणार, ही बोली. आणि मुलं शिकली नव्हती. शाळा चालवायला मंडळाने नेमलेली कंपनी तर कधीच अंग काढून मोकळी झाली होती.

"तुमचं कोण आहे हो काका तिथे? नातवंडं?"

"माझं सगळंच तिथे आहे," म्हातारा म्हणाला. "पण बरीच वर्षं पाऊल टाकलं नाही. चार हुशार लोकांवर भरवसा टाकला आणि घरी बसलो. चुकलंच माझं."

"भरवसा माझ्याही अंगाशी आलाय. माझी नेवा सहावीत आहे. दर वर्षी 'उत्तम' शेरा! परवा म्हटलं, धाकट्याला गोष्ट वाचून दाखव. तर चित्रं बघून मनानेच रचून सांगायला लागली. वाचताच येत नाही हो तिला."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "हे असंच सांग तिथे."

"जीभ रेटत नाही. तिचा जीव आहे त्या शाळेवर. बंद झाली तर म्हणेल, आई, तूच माझी शाळा घालवलीस."

"म्हणेल. तरी सांग. आणि गोड करून सांगू नकोस."

नाव पुकारलं. शरेल माइकपाशी गेली आणि व्हायचं तेच झालं. आधी सगळ्यांचे आभार, मग शिक्षिका किती मायाळू, मग शाळेचा बँड किती छान. मुद्द्यावर यायच्या आत घंटा वाजली.

"दोन मिनिटं झाली, बाई. बसा," सुनावणीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

शरेलला रडूच कोसळलं. एवढ्यासाठी कामावरची रजा घेतली, आणि बोलले काय, तर बँड!

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला. "माझी वेळ हिला द्या."

नियमात ते बसतं. आपल्या वाट्याची वेळ दुसऱ्याला देता येते. तरी अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"नीट विचार केलाय ना? नंतर मागून मिळणार नाही."

"वर्षभर विचारच तर करतोय," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला.

शरेलने डोळे पुसले.

"शाळेच्या दारात त्या अर्लीनबाईंचा मोठा फोटो आहे. माझी पोर रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणते. खाली काय लिहिलंय ठाऊक आहे? 'इथलं प्रत्येक मूल वाचेल.' सहा वर्षं ती त्या फोटोसमोरून ये-जा करतेय, आणि खाली काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. फोटोतल्या बाई आपल्या हसताहेत! मला वाईट वाटतं त्यांचं. त्या असत्या ना, तर त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप घातलं असतं. बंद करा ही शाळा. माझी लेक माझ्याशी बोलायची नाही, तरी बंद करा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शरेल जागेवर येऊन बसली. म्हाताऱ्याने तिच्या हातात एक गोळी ठेवली.

"घातलं असतं," तो पुटपुटला.

"आता शाळेची बाजू," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "ती मांडायला अर्लीनबाईंचे पती, म्हणजे संस्थापक, एकटेच आले आहेत. पण मिस्टर ट्युडरनी आपली वेळ मघाशीच या बाईंना देऊन टाकली."